दोनाला तीन की पाचाला सहा?

ब्लॅकजॅक हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ: पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही, आणि सामना कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्या डीलरशी. या खेळाच्या टेबलावर ताणून बसवलेल्या कापडावर अर्धगोलात दोन-तीन ओळी छापलेल्या असतात. डीलरने सतराला थांबायचं की नाही, ते एक ओळ सांगते. इन्शुरन्स नावाच्या बाजूच्या पैजेला एकास दोन मिळतील, असं दुसरी सांगते. आणि सगळ्यांत ठसठशीत अक्षरांत असतो तो ‘ब्लॅकजॅक’ लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान येऊन एकवीस झाल्यावर, मिळणारा दर. पूर्वी तिथे ‘थ्री टू टू’ असायचं, म्हणजे दोन रुपयांना तीन. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लास वेगासच्या कितीतरी टेबलांवर त्याच जागी ‘सिक्स टू फाइव्ह’ आलं. पाच रुपयांना सहा. नवख्या माणसाला सहा आणि पाच हे आकडे तीन आणि दोनपेक्षा मोठे दिसतात, त्यामुळे दर वाढलाय असंच वाटून तो खुर्ची ओढतो.

आता हिशेब. सहा कॅट एकत्र पिसले की ३१२ पानं होतात. त्यांत एक्के २४ आणि दहा किमतीची पानं (दश्शी, गुलाम, राणी, राजा) ९६. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान जमण्याची शक्यता पावणेपाच टक्के. त्यातले थोडे डाव डीलरलाही ब्लॅकजॅक लागून बरोबरीत सुटतात, तेव्हा शंभरात साडेचार धरा. हजाराच्या पैजेवर जुन्या दराने १५०० मिळायचे, नव्या दराने १२०० मिळतात. साडेचार वेळा तीनशे, म्हणजे शंभर डावांमागे साधारण १३५० रुपये. बाकीचे नियम बरे असतील तर अगदी नीट खेळणाऱ्याकडून कॅसिनो शंभर डावांत सरासरी चारशे-पाचशे रुपये काढतो. कापडावरची एक ओळ बदलली आणि तो आकडा अठराशेच्या घरात गेला. खेळणाऱ्याची अक्कल तेवढीच राहिली, नशीबही तेवढंच.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे गेली दीडशे वर्षं कोर्टात घमासान चाललंय. ब्लॅकजॅकचा इतिहास ज्याने बारकाईने पाहिलाय त्याला हा वाद फुकटचा वाटेल. या खेळात कौशल्य आहे, ते गणिताने सिद्ध झालेलं आहे. पण ते कितपत चालू द्यायचं, हे नियम छापणारा ठरवतो, आणि त्याने ते प्रत्येक वेळी स्वतःच्या सोयीने ठरवलंय. सरकारने विचारायला हवं ते वेगळंच: या टेबलावर बसण्याची किंमत किती, आणि ती गिऱ्हाइकाला वाचता येईल अशी लिहिली आहे का?

कॅसिनोचा वाटा येतो कुठून हे आधी पाहू, कारण वरवर बघता तो दिसत नाही. पानं दोघांना सारखीच, गाठायचं एकवीसही सारखंच. डीलरला तर निवडसुद्धा नाही. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचं. मग कमाई कशावर? क्रमावर. खेळाडूने आधी खेळायचं असतं. तो एकवीसच्या वर गेला, फुटला, की त्याच्या चिप्स तिथल्या तिथे उचलल्या जातात. मागाहून डीलरही फुटला तरी त्या परत येत नाहीत. डीलरचंच अनुकरण करून सतराला थांबणारा माणूस शंभरात अठ्ठावीसेक वेळा फुटतो, डीलरही तितकाच. म्हणजे दोघंही फुटण्याचे डाव शंभरात आठेक, आणि ते आठही कॅसिनोच्या खिशात. दोनाला तीनच्या दराने त्यातले सव्वादोन टक्के खेळाडूकडे परत येतात. उरतो साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा वाटा.

साडेपाचावरून तो अर्ध्या टक्क्यावर आणणं, हे ब्लॅकजॅकमधलं कौशल्य. आपल्याकडे बारा आणि डीलरचं उघडं पान सहा, तर थांबायचं: पान मागितलं तर दर तेरापैकी चार पानं आपल्याला फोडतात, आणि सहावरून खेळणारा डीलर शंभरात बेचाळीस वेळा आपणहून फुटतो. हेच बारा डीलरच्या दहासमोर असतील तर मागावंच लागतं. दोन अठ्ठे आले तर वेगळे करून दोन डाव करायचे, दहाच्या जोडीला हात लावायचा नाही, अकरा झाले आणि डीलरचं पान कच्चं असलं की पैज दुप्पट. सगळा तक्ता एका कार्डावर मावतो. तो पाठ करायला आठवडा पुरतो. मोडायला एक हरलेला अर्धा तास पुरतो, आणि बहुतेक जण तेवढ्यातच मोडतात.

या खेळाची जी सर्वांत जुनी लेखी खूण सापडते, तीसुद्धा नेमकी याच मुद्द्याची आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या १६१३ साली छापलेल्या एका कथेत सेव्हियाकडे निघालेली दोन उडाणटप्पू पोरं ‘बेंतिउना’, म्हणजे एकवीस, खेळतात. त्यातला एक बढाई मारतो की पत्ते कापताना एक्का हवा तिथे ठेवणं आपल्याला जमतं. आणि एक्का एकही धरता येतो आणि अकराही, तेव्हा पहिलं पान एक्का येणार हे ज्याला ठाऊक त्याचं पारडं किती जड, तेही तो सांगतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या उल्लेखात नशिबाचं कौतुक नाही. पुढचं पान कोणाला ठाऊक आहे, एवढीच चौकशी आहे.

अठराव्या शतकात हा खेळ फ्रान्समध्ये ‘व्हँ-ते-अँ’ नावाने रुजला आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांतही पोचला. घरगुती खेळातली एक पद्धत इथे नीट लक्षात घेतली पाहिजे. पहिल्याच दोन पानांत एकवीस ज्याला लागायचे, त्याच्याकडे वाटणाऱ्याची जागा जायची. वाटणाऱ्याचा फायदा होताच, पण तो फिरता होता. मुलांच्या खेळात राज्य फिरतं तसा. रात्र संपेपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा यायचा. ब्रिटिश सैनिकांत पुढे ‘पाँटून’ म्हणून रुळलेल्या भावंडात एक्का-दहाला अजूनही दुप्पट मिळतात. मात्र तिथे बरोबरीचा डाव वाटणारा घेतो. एकच नियम पाहून खेळ स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही, ते असं.

अमेरिकेत हा खेळ आला आणि राज्य फिरायचं थांबलं. १८५४ साली कॅलिफोर्नियातल्या नेव्हाडा सिटी या सोन्याच्या खाणींच्या गावात एलिनॉर ड्यूमाँट या बाईंनी ‘व्हँ-ते-अँ’ याच नावाने अड्डा उघडला. तिथे वाटणारी बाई ठरलेली होती आणि हरणारे बदलत होते. ‘ब्लॅकजॅक’ या नावामागे काळ्या गुलामावर मिळणाऱ्या जादा बक्षिसाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. फ्रेंच संशोधक थिएरी देपॉलिस यांनी ती खोडून काढली आहे. त्यांच्या मते नाव आलं ते १८९६ नंतरच्या क्लोंडाइकच्या सोनेधाडीतल्या खाणकामगारांकडून. नावाचं असो. मार्च १९३१ मध्ये नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि वाटणाऱ्याची जागा कायमची कंपनीकडे गेली. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. पत्त्यांचा इतिहास सांगणारे मात्र नावाच्या गोष्टीत रमतात.

पुढची पंचवीस वर्षं हा खेळ नेमका कितीला पडतो हे कॅसिनोवाल्यांनाही धड माहीत नव्हतं. ते काढलं अमेरिकी लष्करातल्या चौघांनी: बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट. मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या तळावर टेबलावरच्या हिशेबयंत्रांनी आकडेमोड करून त्यांनी १९५६ साली अमेरिकेच्या संख्याशास्त्रीय संघटनेच्या नियतकालिकात निबंध छापला. उत्तम खेळ केला तर कॅसिनोचा वाटा ०.६२ टक्के, असं त्यांचं उत्तर. तो निबंध वाचून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातला गणिती एडवर्ड थॉर्प आयबीएम ७०४ या संगणकाकडे वळला. रुलेटच्या चाकाला आठवण नसते, पत्त्यांच्या कॅटला असते, ही त्याच्या कामाची जमीन. गेलेली पानं परत येत नाहीत. लहान पानं जास्त निघून गेली की उरलेल्या गठ्ठ्यात एक्के आणि दहाची पानं दाटतात. त्यामुळे ब्लॅकजॅक डीलरलाही लागतात आणि खेळाडूलाही, पण खेळाडूला दीडपट मिळतात आणि गमावतो तो एकपटच. शिवाय डीलरला बारा ते सोळावर पान घ्यावंच लागतं, तिथे दहा त्याला फोडतात.

पानं मोजण्याची आज सर्वांत रुळलेली रीत सोपी आहे. दोन ते सहा दिसलं की अधिक एक, सात-आठ-नऊ शून्य, दहाचं पान किंवा एक्का दिसला की उणे एक. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं. भागाकार एकाने वाढला की खेळाडूचं पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने वर येतं. भागाकार दोन-तीन झाला की मोठी पैज, नाहीतर लहान. हे कौशल्य नाही असं कोण म्हणेल?

आता कॅसिनोंनी काय केलं ते पाहा. थॉर्पचं पानं मोजून जिंकण्यावरचं पुस्तक १९६२ साली आलं. १ एप्रिल १९६४ ला लास वेगासच्या कॅसिनोंनी नियम आवळले: दुप्पट पैज फक्त अकरावर, आणि एक्क्यांची जोडी मोडायची नाही. टेबलं ओस पडली आणि काही आठवड्यांत नियम मागे घ्यावे लागले. गंमत म्हणजे त्या पुस्तकाने कॅसिनोंचं भलंच झालं. हा खेळ जिंकता येतो एवढं ऐकून लोंढे आले, तक्ता पाठ करण्याचे कष्ट त्यातल्या थोड्यांनीच घेतले. ‘कौशल्याचा खेळ’ ही ब्लॅकजॅकला लाभलेली सर्वांत स्वस्त जाहिरात ठरली. ज्यांनी खरंच कौशल्य मिळवलं त्यांच्यासाठी एका कॅटऐवजी चार, सहा, आठ कॅट आले, गठ्ठा संपायच्या कितीतरी आधी कट कार्ड, म्हणजे पत्ते पुन्हा पिसण्याची खूण, येऊ लागलं, आणि नेव्हाडात तर मोजणाऱ्याला सरळ दरवाजा दाखवण्याची मुभा आहे. न्यू जर्सीत केन ऊस्टन नावाचा खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेला. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली: नियम करण्याचा अधिकार नियामक आयोगाचा, कॅसिनोने आपल्या मर्जीने कुशल खेळाडूला हाकलायचं नाही. ऊस्टन खटला जिंकला. मग न्यू जर्सीतल्याच अटलांटिक सिटीत त्याच आयोगाच्या परवानगीने कॅट वाढले, मनाला येईल तेव्हा पत्ते पिसण्याची आणि मोजणाऱ्याची पैज आखडण्याची सोय झाली. माणूस आत राहिला, कौशल्य बाहेर गेलं.

त्यानंतर सतत पिसणारी यंत्रं आली. खेळून झालेली पानं लगेच यंत्रात परत जातात, त्यामुळे मोजायला काही उरतच नाही. पडद्यावरच्या ब्लॅकजॅकमध्ये तर प्रोग्राम दर डावाला नवा कॅट पिसू शकतो, आणि थॉर्पने ज्या आठवणीवर सगळं उभं केलं ती आठवणच पुसली जाते. पाचाला सहाचा दर हा याच माळेतला शेवटचा मणी, आणि तो दुहेरी मारतो. साध्या खेळाडूचं नुकसान तिपटीपुढे जातं. मोजणाऱ्याची मुख्य कमाई दीडपट मिळणाऱ्या ब्लॅकजॅकवर असल्याने तोही आडवा होतो.

आपल्याकडचा कायदा या पार्श्वभूमीवर वाचावा. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने आणि १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. न्यायालयांनी पुढे ‘निव्वळ’चा अर्थ ‘प्रामुख्याने’ असा लावला. सिकंदराबादच्या एका क्लबवरून निघालेल्या सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याच्या बाजूला टाकलं: कोणती पानं गेली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. रमीच्या जाहिरातींचा सगळा डोलारा या निकालावर उभा राहिला. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा लागू शकतो, असंही न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे खेळाच्या जातीपेक्षा वाटा कोण काढतो, हा प्रश्न तेव्हाच टेबलावर होता. जाहिराती करणाऱ्यांनी तेवढी ओळ गाळली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालताना व्याख्येतच लिहून टाकलं की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो बंद. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. त्याचं पुढे काय व्हायचं ते होवो, पण जुनी विभागणी सोडून दिली हे योग्यच केलं. बंदीमुळे एक गोष्ट मात्र सुटत नाही: जिथे खेळ परवान्याने चालतो तिथे काय? महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरवलं. गोव्याने त्याच १९७६ सालच्या आपल्या जुगार कायद्यात १९९२ ला पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ ला जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली. मांडवीतल्या त्या जहाजांवर चढणाऱ्यांत मराठी बोलणारी गिऱ्हाइकं काही थोडी नसतात. आणि सरकारला हिशेब येत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. स्वतःचा वाटा दमडीपर्यंत मोजणाऱ्या सरकारने कॅसिनोचा वाटा गिऱ्हाइकाला दाखवायला लावू नये, याचं मला नवल वाटतं. भाजीवाल्याच्या वजनावर वैधमापनचा शिक्का लागतो. रिक्षाच्या मीटरला सील लागतं.

यावर कोणी म्हणेल, दर तर कापडावर छापलेलाच आहे, आणखी काय हवं? पण पाचाला सहा हे वेगासमध्येही उघडउघड छापलेलंच असतं, आणि तरी ती टेबलं भरतात. गुणोत्तर छापणं म्हणजे किंमत छापणं नव्हे.

दुसरा आक्षेप असा की चार वेळा खेळला की माणूस आपोआप शहाणा होतो. हा जास्त फसवा आहे. तासाला सत्तर डाव धरले तर पाच तासांत साडेतीनशे होतात. हजाराची पैज, म्हणजे साडेतीन लाखांची उलाढाल. अर्ध्या टक्क्याच्या टेबलावर सरासरी तोटा १७५० रुपये, दोन टक्क्यांच्या टेबलावर ७०००. आता त्याच पाच तासांतला नशिबाचा हेलकावा मोजा: साधारण वीस-बावीस हजार वर किंवा खाली, आणि क्वचित त्याच्या दुप्पटही. पाच हजारांचा फरक या हेलकाव्यात दिसणार कसा? महागड्या टेबलावरून जिंकून उठणारे त्या रात्रीही असतात, स्वस्त टेबलावर हरणारेही असतात. दोघंही चुकीचा धडा घेऊन घरी जातात. म्हणूनच हा माल चाखून पारखता येत नाही, त्यावर लेबलच लागतं.

खरा जड आक्षेप तिसरा: लेबल लावलं की धंद्याला प्रतिष्ठा येते, ‘फक्त अर्धा टक्का’ हीच जाहिरात होऊन बसते. हे होऊ शकतं, आणि ज्याला जुगाराचं व्यसन लागलंय त्याला फलक वाचवणार नाही हेही कबूल. म्हणूनच टक्का लिहू नये, रुपये लिहावेत. टक्का एका पैजेचा असतो, माणूस रात्रभर बसतो. जुगार असावाच का, हा वाद स्वतंत्र आहे आणि त्यात माझं मन बंदीवाल्यांच्या बाजूला झुकतं. पण परवाना दिला, कर घेतला, मग किंमत झाकून ठेवायला कोणतंच कारण उरत नाही.

नावांचंही तेच. डीलरकडे एक्का उघडा पडला की ‘इन्शुरन्स?’ असं विचारलं जातं, म्हणजे डीलरचं झाकलेलं पान दहाचं निघेल यावर वेगळी पैज लावता का, आणि विमा म्हटल्यावर सावध माणूस हमखास फसतो. एकाच कॅटचा खेळ असेल, आपल्याकडे दहाचं एकही पान नसेल, तर न दिसलेली पानं ४९. त्यांत दहाची १६, बाकीची ३३. एकास दोन मिळणार म्हणजे ४९ वेळा एकेक रुपया लावला तर ३२ येतात आणि ३३ जातात. सहा कॅटमध्ये हाच तोटा शंभराला सहा-सात रुपयांपर्यंत चढतो. मुख्य पैजेच्या कितीतरी पट महाग असलेल्या या बाजूच्या पैजेला विमा म्हणू देणं हीच मुळात फसवणूक आहे.

तेव्हा फलक कसा असावा? खुर्चीत बसल्यावर दिसेल एवढ्या अक्षरांत, मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत. कॅट किती, कट कार्ड कुठे येतं की यंत्र सतत पिसतं, एक्का धरून झालेल्या सतरावर डीलर पान घेतो की थांबतो (घेत असेल तर शंभर डावांमागे आणखी दोनेकशे रुपये गेलेच), ब्लॅकजॅकला हजारावर किती रुपये. त्याखाली दोन आकडे: हजाराच्या पैजेने शंभर डाव तक्त्याप्रमाणे खेळल्यास सरासरी तोटा इतके रुपये, डीलरची नक्कल करत खेळल्यास इतके. इन्शुरन्ससाठी वेगळी ओळ, ‘बाजूची पैज’ या नावाने. आकडे काढायचे नियामकाने, कॅसिनोने नव्हे, आणि टेबलावरचा एकही नियम बदलला तर नवा फलक लागेपर्यंत त्या टेबलावर पानं वाटायची नाहीत.